माझ्या धमन्यांचे तेज

३ फेब्रुवारी, सोमवार. सायंकाळी ७.

आजपासून रोजनिशी. हेतू: आत्मनिरीक्षण. वाचक: मी. समीक्षकही मीच, त्यामुळे वाङ्मयीन वाद उद्भवण्याचा संभव नाही.

निमित्त असे घडले. डायलिसिसच्या खुर्चीत माझे रक्त यंत्रातून फेरफटका मारून परत येत असता डॉक्टर कागद घेऊन आले आणि माझा फॉस्फरस ७.८ असल्याचे त्यांनी वॉर्डाच्या साक्षीने जाहीर केले. तो साडेपाचाच्या आत हवा. मूत्रपिंडे निवृत्त झाल्यापासून त्याला बाहेर काढणारे कोणी उरलेले नाही. यंत्र काढते ते अल्पस्वल्प. उरलेला रक्तात हिंडतो, त्याच्या नादाने हाडांतला चुना सुटतो आणि धमन्यांच्या भिंतींवर जाऊन थापला जातो. हाडे ठिसूळ, धमन्या दगड. "घराच्या विटा काढून नळात कोंबायच्या, तसं चाललंय तुमचं," असे ते म्हणाले. उपमा बरी होती. व्यासंग वाढवला तर हा मनुष्य पुढे येईल.

मुख्य गोष्ट. ताईचे मूत्रपिंड मला जुळले आहे आणि ती ते देण्यास सिद्ध आहे. २२ एप्रिलला सर्जन माझ्या जांघेतल्या धमनीचे स्कॅन पाहतील, कारण नवे मूत्रपिंड तिलाच शिवतात. धमनी मऊ असेल तर शस्त्रक्रिया. दगड झाली असेल तर सुई शिरत नाही. मग आठवड्यातून तीनदा हीच खुर्ची, आमरण.

चिंतेचे कारण नाही. सव्वीस वर्षे मी पाणीपुरवठा खात्यात जलवाहिनी-निरीक्षक आहे. नळीत क्षार साचतात कसे, हे मला डॉक्टरांनी शिकवावे हा कालमहिमा.

४ फेब्रुवारी, मंगळवार. पहाटे ५.४५.

'फॉस्फरस-निर्मूलन अभियान' कार्यान्वित. सप्तसूत्री रचली, सुवाच्य अक्षरात लिहिली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. बाहेरून चिकटवल्यास सौ. वाचील आणि अंमलबजावणीची अपेक्षा धरील.

प्रथम सूत्र गोळ्यांचे. या गोळ्या अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. डॉक्टरांची पद्धत: प्रत्येक जेवणात एक, घासाघासाबरोबर चावून. अव्यवहार्य. गोळीची चव फळ्यावरच्या खडूसारखी. ती घासाबरोबर चावणे हा अन्नाचा अवमान आहे. शिवाय दिवसातून तीनदा आठवण ठेवणे म्हणजे मनुष्यबळाचा अपव्यय. मी सुधारणा केली. तिन्ही गोळ्या पहाटे साडेपाचला, रिकाम्या पोटी, एका घोटात, न चावता. शत्रू दिवसभरात केव्हाही येवो, सैन्य तटावर उभे. पाण्याचीही बचत, मला दिवसाकाठी जेमतेम लिटरभराची मुभा आहे.

न्याहारीला सौ.ने विचारले, गोळी घेतली का. घेतली, असे सांगितले. असत्य भाषण माझ्या स्वभावात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक शिंपी असतो. वॉर्डातला सर्वांत जुना सभासद. हा गृहस्थ डबा उघडतो, एक घास घेतो, गोळीचा तुकडा चावतो, पुन्हा घास. चेहऱ्यावर भाव असा, की सावकाराच्या दारात उभा आहे. मला पाहवेना. करुणेपोटी पहाटेची योजना विशद केली. शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, "साहेब, कापड यायच्या आधीच मशीन मारून काय शिवणार?"

शिंप्यांची दृष्टी सुईच्या भोकाएवढी असते. क्षमा केली.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.

आहारतज्ज्ञ बाईंच्या यादीत निषिद्ध पदार्थ: डबाबंद मांस, कोला, चॉकलेट, सुकामेवा, चीजच्या चकत्या. अखेरच्या कलमाचा मी स्वतंत्र अभ्यास केला. एक चकती खिडकीसमोर उजेडात धरली. पलीकडच्या दोरीवर वाळत असलेल्या चादरीचा अंदाज आला. इतका पारदर्शक कारभार असलेल्या पदार्थावर संशय घेणे मला नैतिकदृष्ट्या पटत नाही.

तीन चकत्यांची चौकशी केली. तिन्ही निर्दोष सुटल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

सर्वांगास कंड. पाठ दाराच्या चौकटीला घासावी लागते. सौ. म्हणते, अहो, हा फॉस्फरसच आहे, डॉक्टर म्हणाले होते वाढला की खाज सुटते. माझे निदान भिन्न आहे. शत्रू शरीर सोडून चालला आहे. जाताना दारे आपटतो, इतकेच.

१६ फेब्रुवारी, रविवार.

द्वितीय सूत्र: हाडांसाठी रोज तीस मिनिटे चालणे. निघालो. सात मिनिटांनी कोपऱ्यावरचे बाकडे लागले. तेथे तेवीस मिनिटे बसलो. बेरीज तीस.

टाच दुखते. उद्या विश्रांती.

२० फेब्रुवारी, गुरुवार. कार्यालयातून परतल्यावर.

आज एक दूधवाला नव्या जोडणीचा अर्ज घेऊन आला होता. परसातल्या जुन्या नळीला जोड द्या म्हणे. स्थळ-पाहणी केली. तुकडा कापून पाहिला: आत पांढरा थर, अंगठ्याएवढा जाड, मधून करंगळी जाईना. दूधवाला आनंदाने म्हणतो, बघा साहेब, काय दणकट भिंत आहे, हल्ली अशा नळ्या मिळत नाहीत. मला हसू आवरेना. अरे गृहस्था, ती भिंत नव्हे, तो रोग आहे. असली नळी पान्याचा हलका टोला बसला तरी तडकते, तिला जोड बसतच नाही. सव्वीस वर्षांत शेकडो वेळा लिहिलेला अभिप्राय लिहिला: 'नळी अरुंद. जोडणी नाकारावी.'

दूधवाला हिरमुसला. म्हणाला, वर्षाला एकदा धुतली असती तर चाललं असतं का. चाललं असतं, म्हणालो.

लोक इतके अज्ञानी कसे राहू शकतात, यावर घरी येऊन चिंतन केले. चिंतनास चीज.

१ मार्च, शनिवार. रात्री ८.

डाव्या हाताने लिहीत आहे, सबब संक्षेप.

माळ्यावर जुन्या तपासणी-वह्यांच्या मागे चॉकलेटची एक बरणी होती. कोणी ठेवली, हा प्रश्न गौण. झाकण घट्ट. जोर लावला. झाकण हलले नाही, मनगट हलले. कट् असा आवाज. क्षणभर वाटले, झाकणच.

सौ.ला सांगितले, नळ दुरुस्त करताना झाले. निरीक्षकास हे शोभून दिसते. तिने नळ पाहिला. नळ गळत नव्हता.  

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात क्ष-किरण. हाडाला तडा, प्लॅस्टर पाच आठवडे. परंतु मुख्य वार्ता पुढेच आहे. फिल्म उजेडाला धरून तंत्रज्ञ म्हणाला की हाडे फिकट आहेत, पण धमन्या काय स्पष्ट दिसताहेत. पाहिले. मनगटापासून बोटांपर्यंत दोन शुभ्र समांतर रेषा, रुळांसारख्या. इतरांच्या दिसत नाहीत का, असे विचारले. सहसा नाहीच दिसत, तो म्हणाला, डॉक्टरांना नक्की दाखवा.

सहसा नाहीच दिसत! सामान्य माणसाच्या धमन्या इतक्या लेच्यापेच्या की क्ष-किरणही त्यांची दखल घेत नाही. माझ्या आपल्या तेजाने तळपतात. हाडांनी थोडी माघार घेतली असेल, पण ज्या धमनीवर सर्व अवलंबून, ती पोलादी निघाली.

डॉक्टरांना आताच दाखवणार नाही. २२ एप्रिलला थेट सर्जनपुढे ठेवीन. काही आनंद राखून ठेवायचे असतात.

५ मार्च, बुधवार.

राहवले नाही. शिंप्याला दाखवली. हात प्लॅस्टरमध्ये का, हे त्याने विचारले नाही. फिल्म मात्र खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिली. रेषेवरून बोट फिरवले. म्हणाला, आमच्या खडूची रेघ अशीच असते, साहेब. मी म्हटले, सुबक आहे ना? तो म्हणाला, "आमची धुतली की जाते. ही जाईल का?"

जाण्याचे कारणच काय? मत्सर मनुष्यास काव्यात्म बनवतो.

१० मार्च, सोमवार.

फॉस्फरस ८.६.

प्रयोगशाळेतले यंत्र जुने असावे. माझ्या पुढच्या रुग्णाच्या रक्ताची नळी माझ्या नावे गेली असण्याचीही दाट शक्यता आहे. डॉक्टरांनी विचारले, गोळ्या नियमित का. नियमित, म्हणालो. चावता का, असे विचारले असते तर सांगितले असते. विचारले नाही. वैद्यकीय शिक्षणातील उणीव.

१६ मार्च, रविवार.

ताई आली. ही माझी वडील भगिनी, निवृत्त ग्रंथपाल, वय एकोणसाठ. अद्यापि माझ्याकडे उशिरा परत आलेल्या पुस्तकासारखी पाहते. दाराशी मी तिला ओळखलेच नाही. अर्धी झाली होती. वजन सात किलोंनी उतरवल्याशिवाय मूत्रपिंड घेता येणार नाही, असे सर्जनने तिला बजावले होते. तिने साखर सोडली, रोज पहाटे पाच वाजता दोन तास चालते, गुडघ्याला पट्टा बांधून. सात किलो उतरले. कपाटावर सूत्रे चिकटवल्याचे तिने काही सांगितले नाही.

आल्या आल्या विचारले, फॉस्फरस किती. समाधानकारक दिशेने वाटचाल आहे, असे मी म्हटले. ती म्हणाली, "दिशा नको, आकडा सांग."

आकडा सांगितला. यंत्र जुने असल्याचेही सांगितले.  ताई म्हणाली, "शहाण्या, मी तुला वाटीभर उसनी साखर देत नाहीये. एकदाच देता येतं हे."

 फिल्म दाखवून धीर द्यावा असे मनात आले, परंतु आनंद राखून ठेवला आहे. ती गेल्यावर सप्तसूत्रीत आठवे सूत्र घातले: 'सर्व सूत्रे पाळणे.'

२ एप्रिल, बुधवार.

शिंप्याचा फॉस्फरस ४.९. त्याला पेढा वाटल्यासारखा आनंद झाला होता. मी अभिनंदन केले व म्हटले, उंची कमी असलेल्या माणसांचा फॉस्फरस कमीच असतो.

त्याच्या डब्यातले वरण मऊ शिजलेले दिसले. हा मुद्दा नव्हे.

५ एप्रिल, शनिवार.

प्लॅस्टर काढले. उजवा हात रोड झाला आहे. बरणी माळ्यावरून नाहीशी. त्या जागी एक टूथब्रश ठेवलेला. सौ.ची विनोदबुद्धी दिवसेंदिवस गूढ होत चालली आहे.

१९ एप्रिल, शनिवार. सकाळी ८.

स्कॅनला तीन दिवस उरले. निर्णायक उपाय: त्रिदिवसीय उपवास. अन्न नाही तर फॉस्फरस नाही. फॉस्फरस नाही तर प्रश्न नाही. इतके सोपे सूत्र वैद्यकशास्त्रास शतकानुशतके कसे सापडले नाही?

त्याच दिवशी, ११.४०.

सापडले असावे आणि सोडून दिले असावे.

२१ एप्रिल, सोमवार.

उद्याचे भाषण तयार. प्रारंभी सर्जनचे आभार, मध्ये फिल्मचे अनावरण, शेवटी विनम्रता. आरशापुढे विनम्रतेचा सराव केला. सौ. म्हणाली, झोपा आता. तिच्या आवाजात काहीतरी होते. विचारले, भीती वाटते का. ती म्हणाली, तुम्हाला वाटत नाही याचीच वाटते.

२२ एप्रिल, मंगळवार. सायंकाळी ६.

सकाळी स्कॅन, दुपारी सर्जन. बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि मला काका म्हणतात. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. हेही नोंदवून ठेवतो.

सौ. एका बाजूस, ताई दुसऱ्या बाजूस, पर्स मांडीवर घट्ट धरून. बाई पडद्यावरचे स्कॅन पाहत होत्या. भाषणाचा प्रारंभ वगळून मी थेट मध्यावर आलो. फिल्म काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि धमन्यांच्या तेजाविषयी चार वाक्ये बोललो.

बाईंनी फिल्म उजेडाला धरली. मग खाली ठेवून विचारले, "काका, नोकरी कुठे करता?"

पाणीपुरवठा खात्यात, म्हणालो. जलवाहिनी-निरीक्षक.

"मग मला सांगा. जुनी नळी कापून पाहिली, आतून अशी पांढरी निघाली, तर कागदावर काय लिहिता?"

सव्वीस वर्षांची सवय. जीभ मला न विचारता चालली. "नळी अरुंद," मी म्हणालो. "जोडणी नाकारावी."

 पंखा फिरत होता. मला तो दूधवाला आठवला. त्याच्यावर मी किती हसलो होतो, तेही आठवले.

ताईच्या पर्सचा चाप उघडला आणि मिटला.

मग बाईंनी पडद्यावर दाखवले. उजवी बाजू संपूर्ण पांढरी. डावीकडेही पांढरे ठिपके, पण मध्ये दोन बोटे रुंदीची जागा अजून करडी, म्हणजे मऊ. ताईचे मूत्रपिंड तेवढ्या जागेत शिवता येईल. आज मात्र नाही. बसलेला चुना सहसा परत जात नाही, पण नवा थांबवता येतो. हा फॉस्फरस असाच राहिला तर ती दोन बोटेही जातील. सहा महिने. साडेपाचाच्या आत आणून दाखवा, मग तारीख देते.

त्यानंतर गोळ्या कशा घेता, असे त्यांनी विचारले. इतक्या महिन्यांत हे नेमके विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी पहाटेची योजना सांगितली. सैन्य, तट, शत्रू. तटापर्यंत आलो तेव्हा माझे मलाच ते वाक्य पुढे ओढवेना.

सौ. म्हणाली, "साडेपाचला? तिन्ही?" आणि मग, मी अपेक्षिले नव्हते, तिला हसू आले. रडू आवरताना येते तसले. रोज विचारत होते हो, ती म्हणाली, गोळी घेतली का. कशाबरोबर, हे नाही विचारलं.

कॉरिडॉरमध्ये तिघे बाकावर बसलो. ताई म्हणाली की गाडी यायच्या आधीच तिकीट तपासनिसाला घरी पाठवणारा स्टेशनमास्तर तिने प्रथमच पाहिला. मी मान्य केले. सात किलो उतरवून तिचे मूत्रपिंड तयार होते, आणि मी जागा तयार ठेवली नव्हती. हे तिला सांगावे असे वाटले. शब्द जमवू लागलो. संस्कृत शब्दांपैकी एकही कामाचा निघाला नाही.

ताईने गुडघ्यावरचा पट्टा सारखा केला आणि उठली. "मी आणखी सहा महिने चालते," ती म्हणाली. "तू नुसतं चाव."

२३ एप्रिल, बुधवार.

सप्तसूत्री (आठही सूत्रे) कपाटावरून काढली. चिकटपट्टीबरोबर दाराचा थोडा रंग निघाला.

वॉर्ड. शिंप्याने काल काय झाले ते विचारले. सांगितले. त्याने आपला डबा उघडला आणि माझा उघडण्याची वाट पाहिली. घास. तुकडा. घास. खडू. 

तो म्हणाला, हळूहळू चावा, सवय होते. किती दिवसांत, असे मी विचारले. शिंपी बराच वेळ हिशेब करीत राहिला.

"मला अकरा वर्षं झाली," म्हणाला. "होईल."

त्याच दिवशी, रात्री ८.

जेवताना सौ.ने विचारले, गोळी घेतली का. घेतली, म्हणालो. ती गेली नाही. पोळी हातात घेऊन उभीच राहिली.

तोंड उघडून दाखवले. जीभ पांढरी होती. तिने पोळी वाढली.